खतिजाबीची उपडी डोण

मित्रांनो, मी एक जुनी दगडी डोण आहे. डोण म्हणजे गुरांना पाणी पाजायची लांबट कुंडी. पण तुम्ही मला पाहिलंत तर मी तुम्हांला डोण वाटणारच नाही, आडवा पडलेला एक काळा धोंडा वाटेन, कारण मी उपडी आहे. संगमेश्वराहून घाटाकडे चढणारी जुनी बैलवाट किंजळवाडीच्या वर जिथं पऱ्या, म्हणजे ओढा, ओलांडते, तिथं एका किंजळीच्या झाडाखाली मी पालथी पडले आहे. पाठ आभाळाकडे, तोंड मातीकडे. वाटसरू माझ्यावर टेकून तंबाखू मळतात. गवताला आलेल्या बाया माझ्या कडेवर विळे घासतात. मी हूं की चूं करत नाही. दगडाच्या मानानं माझं वय म्हणजे काहीच नाही, पण डोण म्हणून माझं आयुष्य सात वर्षांतच संपलं. ते कसं संपलं, ते आज सांगून टाकावं असं मनात आलं आहे.

माझा जन्म १९२३ सालच्या शिमग्यानंतरचा. संगमेश्वरचे हुसेनमियां बैलांच्या पाठीवर मीठ आणि सुकी मासळी लादून घाटावर जात आणि येताना गूळ-मिरची आणत. वाट हीच. इथं झरा होता, पण त्याचं पाणी चार हात वाहून कातळाच्या भेगांत नाहीसं व्हायचं. बैलांना खुरांखालचा चिखल चाटावा लागे. एका वैशाखात त्यांच्या लाडक्या बैलानं पाण्यासाठी भेगेत पाय घातला आणि मोडून घेतला. त्याला इथंच सोडून जावं लागलं. तेव्हापासून दर खेपेला हुसेनमियां म्हणत, इथं एक डोण बसवायची. म्हणता म्हणता तेच तापानं गेले. मग त्यांच्या बायकोनं, खतिजाबीनं, नवऱ्याची इच्छा मनावर घेतली.

आमच्या मुलखातला तांबडा जांभा पाणी धरत नाही, स्वतःच पिऊन टाकतो. म्हणून भागोजी पाथरवटानं घाटाच्या पायथ्याचा काळा दगड निवडला. पावणेदोन महिने तो मला ठोकत होता. तो भारी तिरसट माणूस होता. कोणी जवळ येऊन बसलं तरी त्याला खपायचं नाही. त्यानं माझा एक काठ दुसऱ्यापेक्षा वीतभर खाली ठेवला. बघणारे हसले. भागोजीचा हात घसरला, म्हणाले. भागोजीनं वाटेवरून चाललेल्या गाईमागच्या वासराकडे फक्त छिन्नी दाखवली. लहानग्यांची मान पोचावी म्हणून तो काठ खाली होता. तळाशी त्यानं एक भोक पाडलं आणि त्यात खैराचं बूच बसवलं, म्हणजे बूच उपसलं की सगळं पाणी निघून जाऊन मला घासता येई.

ओंडक्यांवरून ढकलत ढकलत मला इथवर आणलं. झऱ्याच्या तोंडाशी पोफळीची पन्हळ लावली आणि तिची धार माझ्यात सोडली. मी पहिल्यांदा भरले त्या दिवशी खतिजाबी डोलीत बसून आली होती. किंजळवाडीचे गावकर, म्हणजे गावप्रमुख, रावजी यांनी झऱ्यावर नारळ ठेवला. खतिजाबीनं नवऱ्याच्या नावानं दुआ मागितली आणि सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. तिच्या लोकांत अशा धर्माच्या पाण्याला सबील म्हणतात. जाताना तिनं गावाला एकच अट घातली.

"हितं येल त्याला पानी," ती म्हणाली. "जनावर कुनाचा, ह्या कुनी इचारायचा न्हाय."

मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सुखाचे दिवस. सकाळी केरू गावची गुरं घेऊन यायचा. केरू हा किंजळवाडीचा गुराखी. पन्नाशीचा, काटकुळा, एका खांद्यानं किंचित कललेला माणूस. गावातल्या साठ-सत्तर गुरांत त्याचं स्वतःचं एकही नव्हतं, पण प्रत्येकाची खोड त्याला ठाऊक होती. दुपारी बैलांचे तांडे यायचे. उन्हं कलली की साळुंक्या आणि होले माझ्या काठावर ओळीनं बसायचे. दर शनिवारी केरू बूच उपसायचा आणि नारळाचं सोडण घेऊन मला आतून-बाहेरून घासायचा. घासताना तो माझ्याशी बोलायचा. घरी त्याची बायको गोदा होती, पण ती म्हणायची, ह्यांचे सगळे शब्द त्या डोणीलाच जातात, आम्हांला नुसतं व्हय-न्हाय मिळतं. त्यात खोटं काही नव्हतं. मला गावातलं सगळं कळायचं ते केरूमुळेच.

आणि तिन्हीसांजेला सांबरं यायची.

पहिल्या उन्हाळ्यात एकच सांबरी आली. तिचा उजवा कान टोकापासून मधोमध फाटलेला होता. वीस पावलांवर उभी राहून तिनं किती वेळ हवा हुंगली, शेवटी तहानेपुढं भीती हरली. पुढच्या वर्षी ती पाडस घेऊन आली आणि त्या पाडसानं भागोजीच्या खालच्या काठावर मान टेकून पाणी प्यायलं. त्याच्या नाकाचा गार, ओला स्पर्श मला अजून आठवतो. हळूहळू तिच्यामागं कळप आला. इथून अर्ध्या कोसावर, वर दरीत, पाण्याची एक कोंड आहे. भर वैशाखातही आटत नाही. पूर्वी सगळी सांबरं तिथंच जायची. पण कोंडीची वाट दगडाधोंड्यांची, आणि इथं आयतं, स्वच्छ, गळाभर पाणी. कोण जाईल वर? चार-पाच वर्षांत ती कोंडीची वाट विसरलीच.

केरू गुरं गावात पोचवून मुद्दाम परत यायचा आणि किंजळीच्या बुंध्याशी बसून राहायचा. तो कानफाटीला नावानं हाक मारायचा नाही, तिला 'बाय' म्हणायचा. आपल्याकडे बहिणीला, लेकीला म्हणतात तसं. केरू-गोदाला मूलबाळ नव्हतं. एकदा त्यानं मला सांगितलं, आज अठरा मोजली गं, अठरा, आणि त्याचा आवाज असा झाला होता, जणू अठरा नातवंडं जेवायला बसली होती. सांबरंही त्याला भ्यायची नाहीशी झाली. त्याच्या हालचालीनं कळपाचा एक कानसुद्धा उभा राहत नसे.

मला फार अभिमान वाटायचा, मित्रांनो. खोटं कशाला बोलू? घाटावरून आलेले लोक माझी तारीफ करत, बायका मला हळदकुंकू लावत. मला वाटायचं, माझ्यासारखं पुण्यवान ह्या वाटेवर दुसरं कोणी नाही.

१९३० च्या फाल्गुनात गावात बुळकांडी आली. घाटावरच्या बाजारातून आणलेल्या एका बैलाबरोबर ती आली असं नंतर कळलं. तुम्ही हा रोग पाहिला नसेल आणि तुम्हांला तो कधी पाहावा न लागो. गुराला ताप भरतो, डोळ्यांतून पाणी गळतं, तोंडात फोड येतात, लाळेच्या तारा जमिनीला टेकतात. मग ढाळ लागतात आणि पाच-सहा दिवसांत धडधाकट बैल आडवा होतो. त्यातही तहान अशी लागते की जनावर पाण्यापासून हलत नाही.

रावजींनी माणूस धाडून गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं. तरुण होते, कष्टाळू होते, तीन गावं चालत फिरत होते. त्यांनी चांगल्या गुरांना लस टोचली आणि सांगितलं, आजारी गुरं निराळी काढा. गावापासून लांब ठेवा. त्यांचा चारा निराळा, पाणी निराळं. मेलेलं जनावर खोल पुरून वर चुनकळी टाका. गावातल्या पाण्याला आजारी तोंड लागता कामा नये. सांगून ते पुढच्या गावाला गेले.

आता लांब म्हणजे कुठं? गावकरी चावडीवर डोकं खाजवत बसले. तेव्हा केरूनंच जागा सुचवली. खतिजाबीच्या डोणीपाशी, म्हणाला. सावली आहे, घर नाही दार नाही, रोगाच्या भीतीनं तांडे बंदच आहेत, गावातली गुरं थोडे दिवस नदीवर नेली की झालं. पाणी वाहून न्यायला नको. मी स्वतः तिथं राहतो. सगळ्यांनी मान डोलावली. दुसऱ्या फेरीला डॉक्टर आले तेव्हा त्यांनीही ती जागा पाहून केरूची पाठ थोपटली. किंजळवाडीसारखी अक्कल सगळ्या गावांनी दाखवली तर रोग आठ दिवसांत हटेल, असं ते म्हणाले. तिन्हीसांजेला इथं कोण येतं, हे त्यांनी विचारलं नाही. आणि त्यांना कोणी सांगितलं नाही, कारण सांबरं ही काही कोणाच्या गोठ्यातली नव्हती.

चौदा गुरं माझ्या खालच्या अंगाला बांधली होती. केरूनं त्यांची जी सेवा केली ती मी पाहिली आहे. तो त्यांना तांदळाची पातळ पेज भरवायचा, तोंडं धुवायचा, उठता येत नाही त्याला टेकू द्यायचा. गोदा खालून पेजेची मडकी डोक्यावर आणायची. गुरं माझ्यात तोंड घालायची आणि फुटलेल्या फोडांची लाळ माझ्या पाण्यात उतरायची. केरू रोज पाहायचा. पण त्याच्या मनात एवढंच होतं की गावाचं पाणी शुद्ध राहिलं.

आणि संध्याकाळी सांबरं यायची. बांधलेली गुरं पाहून पहिल्या दिवशी जराशी बिचकली, पण केरू तिथंच बसलेला पाहून पुढं आली. वरच्या अंगानं रांगेत उभी राहून पाणी प्यायली. पाडसं खालच्या काठाशी. दिवसभराच्या घाणीत आणि कण्हण्यात केरूला तेवढाच विरंगुळा होता. मला म्हणाला, ही आहेत म्हणून मी तगून आहे बघ.

मित्रांनो, मी ओरडले असते, पण तेव्हा मलाही काही कळत नव्हतं. मी त्यांना पाणी पाजत होते एवढंच मला माहीत होतं.

चौदांतली पाच गुरं गेली, नऊ वाचली. गावात नवं जनावर पडलं नाही. नऊ गुरं घेऊन केरू गावात शिरला तेव्हा बायकांनी त्याच्या पायांवर पाणी घातलं म्हणे. दुसऱ्या दिवशी तो सोडण घेऊन मला घासायला आला, तेव्हा सांबरांच्या कळपातला मोठा नर माझ्यापाशी उभा होता. भर सकाळी, उन्हात. त्याच्या डोळ्यांखाली पाण्याचे ओघळ होते आणि तोंडातून तारा लोंबत होत्या. केरूला पाहून तो पळाला नाही. त्याच्यात पळण्याची ताकदच नव्हती.

केरूच्या हातातलं सोडण खाली पडलं.

पुढचे पंधरा दिवस मी तुम्हांला सगळे सांगणार नाही. तहानेनं ती माझ्याकडेच यायची आणि माझ्याभोवतीच पडायची. माझ्या खालच्या काठावर मान टाकून एक पाडस गेलं. त्याची मान पाण्यात होती आणि पन्हळीची धार तिच्यावर पडत होती. केरूनं त्याला उचलून खड्ड्यात ठेवलं. तो एकटाच खणायचा, चुना टाकायचा, परत खणायचा. रानातल्या मेलेल्या जनावरांसाठी गावातून माणसं कोण देणार? मदतीला गोदा यायची. त्या दोघांनी अकरा खड्डे खणले. अठरांतली सात उरली. कानफाटी त्यांत होती.

डॉक्टर आले तेव्हा केरूनं त्यांना खड्डे दाखवले. ते माझ्या काठावर बसले. मी विचारायला हवं होतं, असं ते हळू म्हणाले. मग त्यांनी समजावलं की आता रोग रानात आहे. आजारी सांबरांचं आणि गुरांचं पाणी एक राहिलं तर तो पुन्हा गावात येईल, गावातून पुन्हा रानात जाईल, अशा येरझारा घालत राहील. पावसाला दोन महिने आहेत. तोवर दोघांचं पाणी तुटलं पाहिजे.

गावाला मात्र दुसराच उपाय सुचला. शेजारच्या गावात चार बंदुका होत्या. हाकारा घालून उरलेली सांबरं मारून टाकू म्हणजे प्रश्नच मिटला, असं ठरत आलं. रावजी दुष्ट नव्हते. त्यांच्या दावणीचे दोन बैल ह्या रोगात गेले होते आणि पेरणी तोंडावर आली होती. केरू त्यांच्या अंगणात जाऊन बसला तो उठेचना. जागा मी दाखवली, म्हणाला. माझ्या चुकीची शिक्षा त्यांना नको. सांबरं खाली येणार नाहीत आणि गुरं वर जाणार नाहीत, हे मी बघतो. रावजींनी शेवटी पावसापर्यंत मुदत दिली. पण एक जरी जनावर नव्यानं पडलं तर बंदुका येतील, हेही सांगितलं.

पाणी तोडायचं म्हणजे मला कोरडी करायची. पन्हळ काढली की झरा पूर्वीसारखा भेगांत जाईल, सांबरं कोंडीकडे वळतील, गावची गुरं खाली नदीवर जातील. काम सोपं होतं. पण माझ्या काठाला हात लावायला गावात कोणी तयार होईना. धर्माचं पाणी तोडलं तर पाप कोणाच्या माथी? आणि ते पाणी दुसऱ्याच्या नावाचं. शेवटी केरू पहाटे उठून संगमेश्वरला गेला.

खतिजाबीनं त्याचं सगळं ऐकून घेतलं. त्याला जेवू घातलं आणि परत पाठवलं. केरू मान खाली घालून माझ्यापाशी आला. बीबी काय बोलल्या न्हाईत, एवढंच मला म्हणाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी डोली आली. सात वर्षांत खतिजाबी फार थकली होती. दोन्ही बाजूंनी धरून तिला उतरवावं लागलं. रावजी आले होते, गोदा होती, आणखी पाच-सहा जण पहारी घेऊन लांब उभे होते. खतिजाबी अकरा खड्ड्यांपाशी गेली. एकेका खड्ड्यापाशी थांबली. पाडसाचा खड्डा आखूड होता, त्याच्यापाशी जास्त वेळ थांबली. मग माझ्याजवळ येऊन तिनं पाण्यात हात घातला.

"बीबी, पाप लागंल तर मला लागूदे," केरू म्हणाला. "जागा मी दाखवली."

खतिजाबीनं मान हलवली. "जनावर कुनाचा ह्या इचारू नको, असा मीच सांगितला होता," ती म्हणाली. "इचारला असतास तर कायतरी कळला असता. जो पानी पिऊन जीव जातो, त्याचा सबाब माज्या हुसेनला कसा मिळंल?"

सबाब म्हणजे पुण्य. एवढं बोलून तिनं बाही वर सारली आणि स्वतःच्या हातानं बूच ओढलं. कित्येक आठवडे कोणी न उपसलेलं, फुगलेलं बूच, लवकर निघेना. केरू पुढं झाला तर तिनं त्याला नको म्हटलं. शेवटी ते निघालं आणि माझं पाणी मातीत गेलं. शेवटचा ओंजळभर राहिलेला गढूळ घोट तिनं आपल्या पदरानं टिपून काढला. म्हणाली, फोडू नका हिला, उपडी घाला, कधीतरी लागेल.

पहारी लावून सहा जणांनी मला उलथी केली. वर आभाळ होतं ते गेलं. सगळीकडे काळोख झाला. फक्त भागोजीनं वीतभर खाली ठेवलेला काठ जमिनीला टेकला नाही, तिथं एक फट राहिली. त्या फटीतून मला अजून बाहेरचं दिसतं. पण दिसतात ते फक्त पाय.

त्या संध्याकाळी फटीतून मला सांबरांचे खूर दिसले. सगळ्यांत पुढं कानफाटीचे, रुंद आणि कडेला झिजलेले. ती माझ्या पाठीवर नाक घासू लागली. मग जिभेनं दगड चाटू लागली. मागं उरलेल्या सहांचे खूर गोळा होऊन वाट पाहत होते. किंजळीखाली केरूचे पाय होते. त्याच्या हातात दगड असणार, कारण तो त्यासाठीच थांबला होता. पण त्यानं तो मारला नाही. ती सगळी कितीतरी वेळ उभी राहून निघून गेली आणि केरू माझ्यापाशी येऊन बसला.

दुसऱ्या संध्याकाळीही तसंच. ती आली, चाटत राहिली, तो उभा राहिला. रावजींनी सकाळी बजावलं होतं की सांबरं अजून खाली येताना दिसली, हे असं चालायचं नाही.

तिसऱ्या संध्याकाळी कानफाटी चाटता चाटता गुडघ्यांवर आली. केरूचे पाय तिच्याकडे चालत आले. तिला ते पाय ओळखीचे होते, ती हलली नाही. दहा पावलांवर ते थांबले.

"जा गं बाय," केरू म्हणाला. "हितं काय न्हाय. वर जा."

ती तशीच. मग दगड तिच्या बरगड्यांवर आदळल्याचा आवाज मी ऐकला. खूर धडपडले, उठले, पण पळाले नाहीत. ती वळून त्याच्याकडे पाहत असावी. त्यानं दुसरा दगड मारला, तिसरा मारला, आणि मोठ्यानं अशी आरोळी ठोकली की मी केरूचा तसला आवाज कधी ऐकला नव्हता. तेव्हा खूर उधळले. पऱ्याच्या काठानं वर, कोंडीच्या दिशेनं त्यांचा आवाज लांब लांब गेला. केरू माझ्या पाठीवर पालथा पडून लेकरासारखा रडला. मी उपडी, तो पालथा. मला त्याचं काहीच करता आलं नाही.

त्यानंतर ती पुन्हा इथं आली नाहीत. पाऊस लागेपर्यंत गावात एकही जनावर पडलं नाही. बंदुका आल्या नाहीत. केरू आठवड्यातून एकदा वर जाऊन कोंडीवर आलेली सांबरं लांबून मोजायचा. पहिल्याच वेळी सहा भरली. कानफाटी त्यांत नव्हती. कोंडीच्या वाटेवर, शेवटच्या चढाखाली त्याला ती मेलेली सापडली. तोंडात फोड नव्हते. रोगानं गेली, की तीन दिवसांच्या तहानेनं, की त्याच्या दगडानं, ते त्याला कधीच कळलं नाही. मला सांगताना तो हेच पुन्हा पुन्हा विचारत होता, जणू मला ठाऊक असावं. तो बारावा खड्डाही त्या दोघांनीच खणला.

नंतर तीन वर्षांनी केरू गेला. खतिजाबी त्याच्याही आधी गेली. खालून मोटारीचा रस्ता घाटावर गेला आणि बैलांचे तांडे बंद पडले. बैलवाटेवर गवत माजलं. आता इथं येणाऱ्यांना मी कोण ते माहीत नाही. मागच्या वर्षी कोणीतरी पाटा करायला म्हणून माझा एक कोपरा फोडून नेला. मला वाईट वाटलं, पण त्याला तरी कसं कळावं?

मित्रांनो, मला कोणी पुन्हा सरळ केलं तर मला आनंदच होईल. डोणीला पाणी नको कसं वाटेल? पण मला सरळ कराल तेव्हा एवढं करा. आजारी जनावर माझ्यापाशी आणू नका. मला रोज घासा, रोज कोरडी करा. आणि इथं दिवसभर कोण येतं एवढंच पाहून घरी जाऊ नका, तुम्ही गेल्यावर कोण येतं तेही विचारा. आमची सगळ्यांची माया खरी होती हो. खतिजाबीची होती, केरूची होती, माझीसुद्धा होती. तेवढा एक प्रश्न विचारायचा राहिला आणि बारा खड्डे पडले.

गेल्या महिन्यात एका तिन्हीसांजेला फटीतून मला चार खूर दिसले. लहानसे, नवे, कडा न झिजलेले. रानातून आलेलं एक तरणं सांबर होतं. ते माझ्यापाशी थांबलं. त्याच्या नाकाचा गार, ओला स्पर्श मला पाठीवर झाला आणि माझ्या अंगातून कळ गेली. वाटलं, आता चाटेल. पण त्यानं चाटलं नाही. दगड हुंगावा तसं हुंगलं आणि पऱ्याच्या काठानं कोंडीकडे चालू लागलं.

मी पाण्याची आहे, हे त्याला ठाऊकच नव्हतं. केरूनं दगड मारले होते ते ह्याचसाठी.